तारण बँकेचे, खर्च कोणाचा?

कंपनी नादार झाली की तिच्या मालमत्तेवर दोघांचा डोळा असतो. पहिला तारणधारक धनको, म्हणजे बहुतेक वेळा बँक. तिने कर्ज देतानाच इमारत, यंत्रे किंवा शेअर गहाण घेतलेले असतात. दुसरा म्हणजे प्रक्रिया चालवणारा व्यावसायिक. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ नुसार तो आधी रिझोल्यूशन प्रोफेशनल असतो आणि कंपनी वाचली नाही तर अवसायक नेमला जातो. रखवालदार, विमा, वीज, मूल्यांकन, दाव्यांची छाननी, वकील आणि लिलाव यांचा खर्च त्याला करावा लागतो, आणि ज्या कंपनीसाठी करायचा तिच्या खात्यात सहसा काही नसते. हा खर्च तारणातून वळता करता येतो का, आणि येत असेल तर कोणता व किती, यावर दोन बाजू आहेत. इथे आक्षेपक तारणधारकाच्या बाजूने बोलतो, समर्थक प्रक्रियेच्या.

आक्षेपक: तारणाचा अर्थच असा की कर्जदार बुडाला तरी एक विशिष्ट वस्तू बुडत नाही. त्या खात्रीवर व्याजाचा दर ठरतो आणि कर्ज मंजूर होते. संहितेने हे नाकारलेले नाही. कलम ५२ तारणधारकापुढे दोन वाटा ठेवते. तारण अवसायन संपत्तीत सोडून देऊन कलम ५३ च्या क्रमाने पैसे घ्यावेत, नाही तर प्रक्रियेबाहेर उभे राहून तारण स्वतः वसूल करावे. बाहेरची वाट धरणारी बँक स्वतःचा वकील लावते, सरफेसी कायद्याखाली स्वतःचा लिलाव करते, रखवालदारही स्वतःचाच ठेवते. अवसायकाच्या यंत्रणेकडून ती काहीच घेत नाही. जे घेतले नाही त्याचे बिल मात्र तिच्याकडे येते. तळमजल्यावरच्या सभासदाकडून लिफ्टचा खर्च वसूल करण्यासारखाच हा प्रकार आहे.

समर्थक: दाखला सोयीचा नाही. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार लिफ्टची देखभाल त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांवर सारखी वाटली जाते, लिफ्ट वापरा अथवा वापरू नका. पण दाखल्यापेक्षा कायदा स्पष्ट आहे. त्याच कलम ५२ चे उपकलम (८) सांगते की बाहेर पडून तारण वसूल करणाऱ्या धनकोकडून येणे असलेला नादारी निराकरण प्रक्रियेचा खर्च वसुलीच्या रकमेतून वजा करून अवसायकाकडे जमा करायचा. बाहेरची वाट फुकट आहे असे संसदेने कधीच म्हटलेले नाही. त्यामागचे कारणही सरळ आहे. अवसायनाच्या आधीच्या काळात कलम १४ ची स्थगिती लागू असते. एकही धनको मालमत्ता ओढून नेऊ शकत नाही, आणि व्यावसायिक कारखाना चालू ठेवण्याची धडपड करतो. बँकेचे तारण त्या काळात कोणाच्या तरी हाताखाली टिकलेले असते. शिवाय त्या काळातला खर्च कर्जदात्यांच्या समितीसमोर मंजुरीला जातो, आणि बँक त्या समितीवर मतदार म्हणून बसलेली असते. मंजूर करायचा समितीत आणि नाकारायचा बाहेर पडताना, ही भूमिका टिकत नाही.

आक्षेपक: निराकरणाच्या काळातल्या खर्चाबद्दल एवढे मान्य करता येईल. पण उपकलम (८) मध्ये अवसायनाच्या खर्चाचे नाव नाही. संहितेने कलम ५ मध्ये दोन्ही खर्चांच्या वेगळ्या व्याख्या केल्या आणि कलम ५३ मध्ये दोन्ही शब्द शेजारीशेजारी वापरले. म्हणजे ५२(८) मध्ये एकच शब्द ठेवला तो विसरून नव्हे. तरीही २५ जुलै २०१९ पासून अवसायन प्रक्रियेच्या विनियमांत २१ए आला आणि चित्र पालटले. तारणधारकाने तीस दिवसांत निर्णय कळवला नाही तर त्याने तारण सोडले असे धरले जाते. कळवून बाहेर पडला तर नव्वद दिवसांत त्याने पैसे भरायचे. किती, तर तारण सोडले असते तर कलम ५३(१)(क) मधल्या दोन्ही खर्चांत आणि कामगारांच्या चोवीस महिन्यांच्या देण्यांत त्याचा जो वाटा आला असता, तेवढे. संसदेने एक खर्च सांगितला होता, नादारी क्षेत्राच्या नियामक मंडळाने त्यात आणखी दोन रकमा घातल्या.

समर्थक: कामगारांची रक्कम या यादीतून काढावी, कारण तिचा वाद जुना आणि संपलेला आहे. १९८५ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्याच्या कलम ५२९ मध्ये प्रत्येक तारणावर कामगारांचा समान दर्जाचा बोजा बसवला. मुंबईतला गिरणी संप नुकताच होऊन गेला होता, आणि गिरण्या अवसायनात निघाल्या की जमीन-यंत्रे बँकांकडे जातात व कामगार रित्या हाताने परततो, हे देशाने पाहिले होते. सरफेसी कायद्याच्या कलम १३(९) मध्येही तो हक्क जपलेला आहे. उरतो अवसायनाचा खर्च. कलम ५२(१)(ख) तारणधारकाला वसुलीची मुभा देते ती त्या कलमात घालून दिलेल्या रीतीने, आणि कलम २४० नियामक मंडळाला संहिता अमलात आणण्यासाठी विनियम करण्याचा अधिकार देते. रीत ठरवण्यात अटी घालणे येते की नाही, यावर वाद घालता येईल. पण अट नसती तर काय झाले असते तेही पाहिले पाहिजे. दमदार मालमत्ता तारणधारक घेऊन जातील आणि मागे राहतील जुनी येणी, न्यायालयीन दावे, हिशेबाच्या वह्या. त्या कचऱ्यातून अवसायकाने सर्वांचे दावे तपासायचे, कराची विवरणपत्रे भरायची, कंपनी विसर्जित करायची, आणि खर्च काढायचा कामगार व बिनतारणी धनकोंच्या वाट्यातून. तारणाचा इतका आदर करणारी व्यवस्था तारण नसलेल्यांच्या पैशाने चालते, हे कोणी मोठ्याने म्हणत नाही.

आक्षेपक: मग खर्च तारणाच्या संदर्भातला असला पाहिजे, एवढी तरी मर्यादा हवी, आणि ती नवी नाही. १९३३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयात युनिव्हर्सल डिस्ट्रिब्युटिंग या कंपनीच्या प्रकरणात न्यायमूर्ती डिक्सन यांनी ती आखली. तारणाची काळजी, जतन आणि विक्री यांसाठी अवसायकाने वाजवी खर्च केला असेल तर तो तारणधारकाच्या आधी मिळेल, कंपनी गुंडाळण्याचा सर्वसाधारण खर्च मात्र तारणावर टाकता येणार नाही. अमेरिकेच्या दिवाळखोरी संहितेचे कलम ५०६(सी) हेच सांगते. तिथे खर्च वाजवी आणि आवश्यक हवा, तो त्या मालमत्तेच्या जतनाचा किंवा विक्रीचा हवा, आणि तारणधारकाला झालेल्या फायद्यापुरताच तो वसूल करता येतो. भारतातही १९५६ च्या कंपनी कायद्याचे कलम ५२९ असेच होते. तारण स्वतः वसूल करणाऱ्या धनकोने अवसायकाने तारणाच्या जतनासाठी केलेल्या खर्चातला आपला भाग द्यायचा, आणि त्यातूनही कामगारांच्या हिश्श्याइतकी रक्कम वगळायची. म्हणजे आपल्याच कायद्यात तीस वर्षे हा प्रश्न सुटलेला होता. २०१६ नंतर तो पुन्हा उघडला.

हा बदल नेमका किती मोठा, ते आकड्यांशिवाय कळत नाही. समजा कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधल्या सेक्टर फाइव्हमध्ये एका माहिती तंत्रज्ञान कंपनीची इमारत आहे, किंमत ४० कोटी, एकाच बँकेकडे तारण. दुसरीकडे १० कोटींची बिनतारणी मालमत्ता आहे. बँकेचा दावा ६० कोटींचा, कामगारांची चोवीस महिन्यांची देणी ५ कोटी. निराकरणाचा खर्च ३ कोटी आणि अवसायनाचा २ कोटी, एकूण ५ कोटी. त्यातले ६० लाख रुपये फक्त या इमारतीच्या रखवालीवर, विम्यावर, विजेवर आणि नगरकरावर गेलेले आहेत. आता बँक इमारत घेऊन बाहेर पडली. तिने खर्चापोटी किती द्यायचे?

जुन्या कलम ५२९ च्या हिशेबाने ६० लाखांतून कामगारांचा भाग वजा जाता सुमारे ५५ लाख. मालमत्तेच्या किमतीच्या प्रमाणात वाटले तर पाच कोटींचे चार पंचमांश, म्हणजे ४ कोटी. आणि विनियम २१ए चे शब्द दाव्यांच्या प्रमाणात वाचले, म्हणजे बँकेने तारण सोडले असते तर ६५ कोटींच्या समान दर्जाच्या दाव्यांपैकी ६० कोटींवर जेवढा भार पडला असता तेवढा, तर सुमारे ४ कोटी ६२ लाख. इमारत तीच, खर्च तोच, आणि उत्तरांत आठ पटींहून अधिक फरक. विनियम सूत्र देत नाही. न घडलेली एक स्थिती कल्पून तिचा हिशेब करायला सांगतो. त्यात विक्री व्हायच्या आधी रक्कम नक्की नसेल तर अवसायकाच्या अंदाजाने भरायची आणि पुढे कमीजास्त जुळवायचे, अशी पुरवणीही आहे. वाद राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापर्यंत पोचतात ते बहुधा अशा ठिकाणी, तत्त्वाच्या मोठ्या प्रश्नावर क्वचितच.

समर्थक: त्याच आकड्यांतून दुसरी गोष्टही वाचावी. बँकेने तारण सोडले असते तर ५० कोटींतून ५ कोटी खर्च जाऊन ४५ उरले असते, आणि तिच्या वाट्याला ४१ कोटी ५४ लाख आले असते, म्हणजे इमारतीच्या किमतीहून जास्त. कलम ५३ मध्ये तारण सोडणाऱ्याला कामगारांच्या बरोबरीचा दर्जा मिळतो, आणि बिनतारणी मालमत्तेतही तो वाटेकरी होतो. बाहेर पडलेल्याची उरलेली थकबाकी मात्र सरकारी देण्यांबरोबर पाचव्या पायरीवर जाते. संहितेची रचनाच अशी आहे की सामुदायिक विक्रीत राहणे फायद्याचे ठरावे. या दृष्टीने २१ए ला दंड म्हणता येणार नाही. बाहेर पडल्याने इतरांवर वाढणारा भार भरून काढणारी ती अट आहे.

आक्षेपक: या उदाहरणातली बँक बाहेर पडलीच नसती, म्हणून उदाहरण सोपे आहे. बाहेर पडण्यात अर्थ असतो तो एका मालमत्तेवर एकट्याचा बोजा असलेल्या धनकोला, ज्याचे तारण दाव्याच्या जवळपास भरते. रुची सोयाच्या प्रकरणात डीबीएस बँकेची स्थिती अशी होती. न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढचे ते प्रकरण निराकरणाचे होते, अवसायनाचे नव्हते, पण आकडे बोलके आहेत. दावा सुमारे २४३ कोटी, तिच्याकडच्या तारणाचे अवसायन मूल्य सुमारे २१८ कोटी, आणि मंजूर योजनेत तिला मिळाले सुमारे ११९ कोटी. अशा धनकोला सामुदायिक विक्रीचा फायदा सांगणे म्हणजे इतरांचा फायदा त्याच्या गळ्यात मारणे होय.

समर्थक: जतनाच्या खर्चापुरते थांबण्यात एक खोट आहे. जतन कशाला म्हणायचे? सॉल्ट लेकमधली बहुतेक जमीन सरकारकडून दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिलेली आहे, आणि पट्टा दुसऱ्याच्या नावे करायचा तर पट्टा देणाऱ्याची संमती लागते. ती मिळवणे, थकलेले भाडे फेडणे, कंपनीच्या नोंदी त्या कार्यालयात अद्ययावत करणे, हा विक्रीचा खर्च की कंपनी गुंडाळण्याचा? अवसायकाने कंपनीचे दप्तर लावले नसते तर बँकेला गिऱ्हाईक मिळाले असते का? याच भागाशी जोडलेले आणखी एक उदाहरण आहे. सॉल्ट लेकमधल्या झील मीलच्या निक्को पार्कच्या प्रवर्तकांपैकी निक्को कॉर्पोरेशन ही केबल बनवणारी कंपनी २०१७ मध्ये कोलकाता खंडपीठापुढे अवसायनात गेली. उद्यान स्वतंत्र कंपनीचे असल्याने ते चालूच राहिले. त्या उद्यान कंपनीच्या शेअरसारखी मालमत्ता डीमॅट खात्यात पडून असते, तिला रखवालदार लागत नाही. श्यामनगरच्या केबल कारखान्यासारख्या जागेला तो चोवीस तास लागतो. जतनाचा नियम काटेकोर लावला तर शेअर तारण घेणारा जवळपास काहीच देणार नाही आणि कारखाना तारण घेणारा सगळे देईल. दोघांचे दावे एकाच यादीत तपासले गेले, एकाच स्थगितीने दोघांना थांबवले, पण बिल एकालाच.

आक्षेपक: त्यात अन्याय काय? शेअर सांभाळायला खर्च येत नाही, म्हणून त्याच्या धनकोने कमी द्यावे.

समर्थक: रखवालीचा येत नाही. पण दाव्यांची छाननी, लेखापरीक्षण, कलम ४३ व ६६ खाली संशयास्पद व्यवहार शोधून केलेले अर्ज, या सगळ्यांना पैसा लागतो, आणि तो कोणत्याच एका वस्तूवर चिकटत नाही. मालमत्तेच्या मागे जाणाऱ्या नियमाला या खर्चाचे काय करायचे ते ठाऊकच नाही. इंग्लंडने यातून धडा घेतला. २००४ मध्ये लेलँड डॅफच्या प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले की अवसायनाचा खर्च तरंगत्या बोज्याखालच्या, म्हणजे साठा-येण्यांसारख्या सतत बदलत राहणाऱ्या मालमत्तेतून घेता येणार नाही. व्यावसायिकांत खळबळ उडाली, आणि संसदेने नवे कलम घालून २००८ पासून निकाल उलटवला. त्याआधी १९८८ मध्ये बर्कली ॲपलगेटच्या प्रकरणात तिथल्या न्यायालयाने गुंतवणूकदारांच्या विश्वस्त मालमत्तेतूनही अवसायकाचा मेहनताना मंजूर केला, कारण ते काम कोणाला तरी करावेच लागले असते आणि ते केल्याशिवाय मालकांच्या हाती काही पडले नसते.

आक्षेपक: इंग्लंडचा दाखला अर्धाच दिला. उलटवले ते तरंगत्या बोज्यापुरते. स्थिर तारणाला, म्हणजे सेक्टर फाइव्हच्या इमारतीसारख्या नेमक्या वस्तूला, तिथले नवे कलम हात लावत नाही. शिवाय मोठ्या दावेबाजीचा खर्च तरंगत्या बोज्यावर टाकायचा असेल तर त्या धनकोची किंवा न्यायालयाची मंजुरी घ्यावी लागते. खर्च घालायचा असेल तर ज्याच्या खिशातून जातो त्याला विचारा, हे तत्त्व तिथे पाळले गेले. बर्कली ॲपलगेटमध्येही मंजुरी होती ती त्या मालमत्तेसाठी झालेल्या कामाची. भारताने उलट केले. स्थिर व तरंगता असा भेद ठेवला नाही, आणि विचारण्याची तरतूद दुबळी ठेवली. अवसायनात हितधारकांची सल्लागार समिती असते, पण तिचा सल्ला अवसायकावर बंधनकारक नाही. सल्ल्याविरुद्ध गेला तर त्याने कारणे नोंदवायची, एवढेच.

(इथे दोन्ही बाजू नकळत एका गोष्टीवर येतात. वाद तारण पवित्र की नाही हा राहिलेला नाही. खर्चाला संमती कोणाची, हा झाला आहे.)

समर्थक: संमतीच्या मुद्द्याला व्यावसायिकाचीही बाजू आहे, आणि ती सहसा ऐकली जात नाही. तो न्यायाधिकरणाच्या आदेशाने येतो. आधी खिशातून खर्च करतो आणि मागून मागतो. प्रक्रियाच रद्द झाली तर त्याचे काय होते, हे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या दोन प्रकरणांत दिसते. २०२१ मध्ये अलोक कौशिक प्रकरणात एका मूल्यांककाला प्रक्रिया रद्द झाल्यावर शुल्कासाठी भांडावे लागले. न्यायालयाने सांगितले की हा वाद न्यायाधिकरणच कलम ६०(५)(ग) खाली सोडवू शकते. जानेवारी २०२२ मध्ये देवराजन रामन प्रकरणात न्यायाधिकरणाने अंदाजाने ठरवलेली ५ लाखांची ठोक रक्कम न्यायालयाने बाजूला ठेवली आणि कारणांसह पुन्हा ठरवायला सांगितले. त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्ये नियामक मंडळाने निराकरण व्यावसायिकासाठी दाव्यांच्या आकारानुसार दरमहा १ लाख ते ५ लाख असे किमान शुल्क घातले. शुल्क कोणीच देत नसेल तर चांगला माणूस या कामाला येणार नाही, आणि वाईट माणूस आला तर पहिला फटका तारणालाच बसेल.

आक्षेपक: शुल्काबद्दल वाद नाही, ते कोणाच्या मालमत्तेतून हा आहे. अवसायकाचे शुल्क त्याने वसूल केलेल्या व वाटलेल्या रकमेच्या टक्केवारीने ठरते. वेळ जाईल तसा दर उतरतो. पहिल्या कोटीवर सहा महिन्यांत वसुली झाली तर ५ टक्के, वर्षानंतर १.८८ टक्के. ही पद्धत चांगली आहे, कारण मेहनतीशी मोबदला जोडलेला आहे. पण बाहेर पडलेल्या धनकोची इमारत अवसायकाने वसूलच केलेली नसते. त्या इमारतीवर त्याची टक्केवारी लागत नाही, आणि इतर मालमत्तेवर मिळालेल्या टक्केवारीत मात्र ती इमारत वाटा उचलते. शिवाय कलम ५३(३) सांगते की अवसायकाचे शुल्क प्रत्येक वर्गाला मिळणाऱ्या रकमेतून प्रमाणात कापायचे, तर विनियम तेच शुल्क अवसायनाच्या खर्चात मोजतात, जो सर्वांत आधी फेडला जातो. एकच रक्कम दोन दारांतून आत येते. अशा कायद्यावर तारणधारकाने अंदाजाने पैसे भरावेत ही अपेक्षा जास्त आहे.

समर्थक: ही विसंगती आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण तिच्यावर उपाय नियम नीट लिहिण्याचा आहे, तारणधारकाला मुक्त करण्याचा नाही. आणि जिथे पैसा खरोखरच नाही तिथेही कायद्याने वाट काढली आहे. विनियम २ए नुसार, समितीने अवसायनाच्या खर्चाची आधी सोय केली नसेल तर अवसायक वित्तीय संस्थांना त्यांच्या कर्जाच्या प्रमाणात खर्चाची तूट भरायला सांगतो, आणि ती रक्कम बँक दराच्या व्याजासह पुढे परत मिळते. म्हणजे बँकांकडून घेतलेला पैसा उसना आहे.

आक्षेपक: त्या सोयीत मोठ्या बँकांचे भले आहे, छोट्या तारणधारकाचे नाही. कोलकाता खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेलेले इंडिया रिसर्जन्स एआरसी या मालमत्ता पुनर्रचना कंपनीचे प्रकरण घ्यावे. व्हीएसपी उद्योग या कंपनीत तिचे मत ३.९४ टक्के, मान्य दावा १३.३८ कोटी. ९५ टक्क्यांहून अधिक मतांनी मंजूर योजनेत तिला मिळणार होते सुमारे २ कोटी. तारणाची किंमत याहून पुष्कळ जास्त आहे, असे तिचे म्हणणे होते. १३ मे २०२१ रोजी न्यायालयाने ते फेटाळले आणि सांगितले की विरोध करणारा तारणधारक तारणाच्या मूल्यानुसार जास्त मागू शकत नाही. समितीने मंजूर केलेला खर्च म्हणजे तारणधारकाची संमती, या युक्तिवादाला इथे तडा जातो. चार टक्के मत असलेल्याने खर्च मंजूर केलेला नसतो, त्याच्यावर तो मंजूर झालेला असतो.

समर्थक: आणि ३ जानेवारी २०२४ रोजी डीबीएस बँकेच्या प्रकरणात दुसऱ्या पीठाने त्या निकालाशी असहमती दाखवून प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला. म्हणजे अल्पमतातल्या तारणधारकाला न्यूनतम काय मिळावे, यावर न्यायालयातही एकमत नाही. पण त्या प्रश्नाचे उत्तर अल्पमताच्या बाजूने लागले तरी खर्च आधी वजा होणारच. अवसायन मूल्य खर्च वजा जाता मोजायचे की खर्चापूर्वी, हा पुढचा प्रश्न राहील. बहुमताच्या निर्णयाने अल्पमतावर खर्च पडणे हे सामुदायिक प्रक्रियेत टळत नाही. टळावे असे वाटत असेल तर प्रक्रिया सामुदायिक असू नये, असेच म्हणावे लागेल, आणि ते संहितेच्या मुळावर येते.

आक्षेपक: अल्पमतातल्याला बांधायचे तर निदान त्याच्यापाशी खरी सुटका असली पाहिजे. २१ए ला ऑगस्ट २०२० मध्ये जोडलेल्या तिसऱ्या उपविनियमाने नेमके ते दार अरुंद केले. नव्वद दिवसांत अंदाजाची रक्कम भरली नाही तर तारण आपोआप अवसायन संपत्तीत जाते. सेक्टर फाइव्हची इमारत तीन महिन्यांत विकली जात नाही. पट्ट्याच्या संमतीलाच त्याहून जास्त वेळ लागू शकतो. छोट्या तारणधारकाने न मिळालेल्या पैशातून, दुसऱ्याने केलेल्या खर्चाचा, दुसऱ्याने काढलेला अंदाज भरायचा, नाही तर तारण गमवायचे. खर्चाची वसुली म्हणून सुरू झालेली गोष्ट इथे तारण सोडण्याची सक्ती होते.

समर्थक: मुदत वसुलीशी जोडता येईल, विक्री होईपर्यंत रक्कम तारणावरचा बोजा म्हणून ठेवता येईल. ते केले तर सक्ती जाईल. पण तोवर रखवालदाराचा पगार, विम्याचा हप्ता आणि न्यायाधिकरणासमोरच्या वकिलाची फी कोण देणार? बोजा ठेवला तर अवसायक पुन्हा रिकाम्या खात्यावर बसेल, आणि तो खर्च उरलेल्यांवर, म्हणजे कामगार व तारण सोडणाऱ्या इतर बँकांवर पडेल. छोट्या तारणधारकाला वाचवणारी प्रत्येक सवलत कोणत्या तरी दुसऱ्याच्या वाट्यातून जाते. तो दुसरा कोण असावा, हे आक्षेपकाने सांगितलेले नाही.

आक्षेपक: समर्थकानेही एक गोष्ट सांगितलेली नाही. दप्तर, छाननी आणि संशयास्पद व्यवहारांचे अर्ज यांचा खर्च सर्वांसाठी आहे, तर त्याची मर्यादा ठरवण्याचा अधिकार सर्वांना का नाही? ५५ लाख आणि ४ कोटी ६२ लाख यांच्या मधली रक्कम कोणी ठरवायची, अवसायकाने की ज्याचे तारण आहे त्याने?

समर्थक: दोघांपैकी एकानेही नाही. पण सध्याच्या विनियमात पहिला अंदाज अवसायकाचाच आहे, आणि तो खोडायचा तर न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो. त्या अर्जात अवसायकाला करावा लागणारा खर्चही अवसायनाचाच खर्च असतो.